चार बार कमी

रेकॉर्डिंग इंजिनिअरने बाजू घ्यायची नसते. माइक लावायचा, लेव्हल बघायची आणि कुणी ‘कसं झालं?’ विचारलं की ‘मस्त’ म्हणायचं. डोंबिवली सोडून ब्रुकलिनला आल्यापासून चौदा वर्षं मी हे इमानेइतबारे केलं. जानेवारी २०२३ मधल्या एका मंगळवारी मात्र मी बाजू घेतली, आणि कुणाची घेतली हे अजून मला धड सांगता येत नाही.

जॅझचं रेकॉर्डिंग. टेनर सॅक्सोफोन, डबल बास आणि ड्रम्स, एवढाच संच. पियानो नाही. पियानो नसला की कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा सुरांचा गुच्छ, कुणी हातात आणून देत नाही, बासच्या सुरांवरून ताडावी लागते. टेनर वाजवणाऱ्या सनी रोलिन्सने ३ नोव्हेंबर १९५७ ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये असंच त्रिकूट घेऊन रेकॉर्डिंग केलं, आणि तेव्हापासून धाडसी टेनरवाल्यांना ही खाज असतेच. आमची टेनरवाली साठीला टेकलेली. ड्रमर पोरगेला. बासवाले चौऱ्याहत्तर वर्षांचे. मनातल्या मनात मी त्यांना अण्णा म्हणायचो, कारण आमच्या चाळीतले पेटी वाजवणारे अण्णा असेच खांदे पाडून बसत.

तिची अट होती की तिघं एकाच खोलीत, हेडफोन नाहीत, मध्ये काचा नाहीत. म्हणजे प्रत्येकाचा आवाज प्रत्येकाच्या माइकमध्ये शिरणार. चूक झाली तर तेवढाच तुकडा बदलायची सोय नाही.

सॅक्सोफोनला माइक लावताना नवखे लोक तो थेट भोंग्याच्या तोंडात खुपसतात. आवाज तिथून येतो असं दिसतं म्हणून. खरं तर सगळ्या चाव्या बंद असल्या, म्हणजे अगदी खालचा सूर वाजत असला, तरच सगळा आवाज भोंग्यातून येतो. एरवी तो नळीवरच्या उघड्या भोकांतून बाहेर पडतो. मी रिबन माइक हातभर लांब, भोंग्याच्या जरा वर, मधल्या चाव्यांच्या रोखाने लावतो. आत ॲल्युमिनियमची पट्टी असते, वर्खापेक्षा थोडी जाड. तोंडाने जोरात फुंकर मारली तरी ती जाते. एकदा एका पाहुण्याने ‘टेस्टिंग’ म्हणून फुंकर मारली होती. त्याचं नाव मी विसरलेलो नाही.

जेवणाआधी तिच्या स्वतःच्या रचना झाल्या. बाहेरच्यांना वाटतं, ओरिजिनल म्हणजे जोखीम आणि स्टँडर्ड, म्हणजे सगळेच वाजवतात ती जुनी गाणी, म्हणजे घरचा डाळभात. प्रत्यक्षात उलटं असतं. एका रचनेत ती एकाच फुंकीत दोन-तीन सूर एकदम काढत होती, दुसरीत नुसता चाव्यांचा खडखडाट. मध्येच जी-शार्प सुराच्या चावीखालचं पॅड चिकटलं, तर तिने खिशातून सिगारेटचा कागद काढून खाली सारला, दाबला, ओढला आणि पुढे चालू. पाचही रचना पहिल्या-दुसऱ्या टेकमध्ये झाल्या. त्यात चूक कशाला म्हणायचं हे तिलाच माहीत.

स्टँडर्डचं तसं नाही. त्याचा नकाशा सगळ्यांना पाठ. तिने निवडलं होतं ‘ऑल द थिंग्ज यू आर’, जेरोम कर्नचं, १९३९ चं. निर्माता सकाळपासून कुरकुरत होता की गाण्याच्या प्रकाशकाला आपल्याला प्रत्येक सीडीमागे पैसे द्यावे लागतील. त्या वर्षी कायद्याने ठरलेला दर होता १२ सेंट, तोही पाच मिनिटांपर्यंतच. चाल कुणाच्या तरी मालकीची असते, कॉर्डची ओळ नसते. सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करने याच कॉर्डवर ‘बर्ड ऑफ पॅराडाइज’ केलंच होतं. ‘तूही याच्यावर नवी चाल बसव, पैसे वाचतील,’ असं तो तिला म्हणाला. ती नुसतं बघत राहिली.

या गाण्याची गोम अशी आहे. बहुतेक स्टँडर्डचं आवर्तन बत्तीस बारांचं (बार म्हणजे ठोक्यांचा एक ठरावीक गट) असतं, याचं छत्तीस. शेवटचा भाग आठऐवजी बारा बारांचा. शेपटीला हे चार बार जास्त.

तिसरा टेक. तिच्या सोलोचं तिसरं आवर्तन. बत्तिसावा बार संपला आणि अण्णा सरळ समेवर आले, पहिल्या कॉर्डवर. शेपटी गेली. ड्रमर पोरगा मान खाली घालून शेपटीच वाजवत होता. एक इकडे, एक तिकडे, आणि आधार द्यायला पियानो नाही. थांबवायला माझा हात टॉकबॅकच्या, म्हणजे वादकांशी बोलायच्या, बटणावर गेला.

तिने एक सूर धरला. ‘सी’. चार बार तोच, एका श्वासात. मला तेव्हा नुसता काटा आला, हिशेब रात्री केला. अण्णा ज्या चार कॉर्डवर होते, त्या प्रत्येकीत ‘सी’ बसतो. ड्रमर जिथे होता तिथल्या कॉर्डमध्येही बसतो. दोन्ही रस्त्यांवर चालणारा असा हा एक सूर, आणि तिला तो सापडला एका ठोक्याच्या आत. पाचव्या बारला ती अलगद अण्णांच्या बाजूला उतरली, पोरगाही आला. पुढची तीन मिनिटं तिघांनी जे वाजवलं, तसं त्या खोलीत मी पुन्हा ऐकलेलं नाही.

‘हाच ठेवायचा,’ ती म्हणाली. चौथा टेक केला तो केवळ शिरस्ता म्हणून.

संध्याकाळी बासला खोळ चढवता चढवता अण्णा माझ्या खोलीत आले. ‘ते चार बार घालता येतील का रे परत?’ माझ्याकडे न बघता. ‘साठ वर्षं वाजवतोय हे गाणं.’

मला कुणी सांगितलेलं नव्हतं. तरी रात्री बसलो. चौथ्या टेकमधली शेपटी उचलायची, तीही तिघांची एकत्रच, कारण एकमेकांचे आवाज एकमेकांत मुरलेले. लय दोन टेकमध्ये वेगळी, चौथा जरा पुढे पळणारा. आणि झांज. जोड कुठेही मारा, आधीच्या ठोक्याची झांज अजून वाजत असते. ती तुटली की बहिऱ्यालाही कळतं. शेवटी काठीचा ठोका पडायच्या केसभर आधी कापलं, म्हणजे नव्या ठोक्याखाली जुन्याचं शेपूट झाकलं जातं. पहाटे साडेतीनला जोड बसला. मलाच शोधून सापडेना.

आणि तो ‘सी’ मेला. सूर तोच, श्वास तोच. पण आता त्याच्या आधी शेपटी रीतसर पूर्ण होते, आणि तो नव्या आवर्तनाच्या सुरुवातीला येतो. कुणीतरी लांब सूर धरलाय, एवढंच. सावरायला काही उरलंच नाही.

निर्मात्याने दोन्ही ऐकले आणि जोडलेला घेतला. त्याला छत्तीस मोजता येतात, ऐकता किती येतं ते मला माहीत नाही. तिने मला फोन केला नाही. मिक्सला आली तेव्हा त्या जागी डोळे मिटून बसली, मग म्हणाली, ‘पुढचं लाव.’

अण्णांनी गेल्या वर्षी वाजवणं सोडलं, बोटं वळत नाहीत म्हणून. परवा त्यांचा निरोप आला, नातवाला ऐकवायचंय, त्या दिवसाचं होतं तेवढं सगळं पाठव. बाकी सगळं डिस्कवर काढून ठेवलंय. तिसरा टेक अजून त्यात घातलेला नाही.