आमची वाटचाल : कोल्हापुरातलं चीज आणि भिंतीवरचं सोसुआ

आमच्या कारखान्यात (कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक थंड खोली आणि मागं निवळीची, म्हणजे चीज काढल्यावर उरलेल्या पाण्याची, टाकी) आलेलं नवं गिऱ्हाईक हमखास दोन गोष्टी विचारतं. कोल्हापुरात चीज खातंय कोण? आणि भिंतीवर हा कुठल्या देशाचा नकाशा लावलाय? पहिल्याचं उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. दुसऱ्याचं जरा लांबतं, पण आमच्या धंद्यानं जे वळण घेतलं ते त्याच्याशिवाय सांगता येत नाही.

2012 साली आम्ही नवरा-बायकोनं कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या अलीकडं ही जागा भाड्यानं घेतली. मी डेअरीचं शिक्षण घेतलेली, आणि ह्यांचं आयुष्य दुधाच्या टँकरच्या हिशेबात गेलेलं. आधी पनीर, मग पिझ्झावाल्यांसाठी मोझरेला. म्हशीचं दूध दारात असताना मोझरेला नाही करायचं तर काय करायचं? धंदा चालला, पण नफा सगळा दुधाच्या भावावर टांगलेला. पनीर आणि मोझरेला दोन्ही नाशवंत. लग्नसराई संपली, वळीव पडला की मागणी बसते आणि दूध मात्र वाढतं. टिकणारं काहीतरी हवं होतं. म्हणून गायीच्या दुधाचं गौडा, म्हणजे मुरवून टिकणारं डच पद्धतीचं चीज, करून बघायला घेतलं.

ते गौडा घेऊन ठाण्यातल्या एका प्रदर्शनात गेलो होतो, तिथं एक वयस्कर काका थांबले. तुकडा तोंडात घालायच्या आधीच त्यांनी विचारलं, "पोरी, ह्यात रेनेट कशाचं? वासराच्या पोटातलं नाही ना?" रेनेट म्हणजे चीजसाठी दूध गोठवायला घालतात ते. असं विचारणारे बहुतेक जैन असतात. मी म्हटलं, "नाही काका, सूक्ष्मजीवांपासूनचं, हिरवा ठिपका बघा." मग चव घेतली. काका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, निघाले. मूळ घर अलिबागकडचं, आजोबांचा तेलाचा घाणा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ‘शनिवार तेली’, हे त्यांनीच हसत सांगितलं. दूध आणि मांस एकत्र आणायचं नाही हा त्यांचा नियम, त्यातून तो रेनेटचा प्रश्न. जाताना म्हणाले, "युरोपातल्या आमच्या लोकांनी असल्याच उकाड्याच्या देशात लोणी-चीजचा कारखाना काढला होता. सोसुआ. वाच कधी."

वाचलं. आणि मग मिळेल ते वाचत गेले.

सोसुआ हे कॅरिबियन बेटांकडच्या डॉमिनिकन रिपब्लिकच्या उत्तर किनाऱ्यावरचं गाव, पुएर्तो प्लाता शहराच्या पूर्वेला. भिंतीवरचा नकाशा तिथलाच. जुलै 1938 मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँला 32 देशांची परिषद भरली. जर्मनी-ऑस्ट्रियातल्या ज्यूंना कुठं घ्यायचं हा विषय. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि आपापली दारं लावून घेतली. मोठा आकडा बोलला तो एकच देश, हा छोटा डॉमिनिकन रिपब्लिक. लाखभर माणसं घेऊ म्हणाला.

आता हे औदार्य कुणाचं? राफाएल त्रुहियो नावाच्या हुकूमशहाचं. आदल्याच वर्षी, ऑक्टोबर 1937 मध्ये, ह्याच माणसाच्या हुकमानं शेजारच्या हैतीच्या सरहद्दीवर हजारो हैतियन मारले गेले होते. जगात तोंड दाखवायला त्याला काहीतरी चांगलं हवं होतं, अमेरिकेची मर्जी हवी होती आणि देशात गोरी माणसं वाढवायची होती. सहकारात वाढलेल्या आम्हा कोल्हापूरकरांना मोठ्या माणसानं दिलेल्या जमिनीमागं काहीतरी असतं हे सांगावं लागत नाही. पण एवढं रक्त लागलेल्या हाताकडून जमीन घेताना त्या लोकांना काय वाटलं असेल? माझं मत विचाराल तर, मागं मरण उभं असताना देणाऱ्याचं चारित्र्य तपासायची सोय नसते. घेतलं ते बरोबर केलं. त्याचे आभार मानताना हैतियनांची आठवण राहिली पाहिजे, इतकंच.

30 जानेवारी 1940 ला करार झाला. अमेरिकेतल्या ज्यू मदतसंस्थेनं ह्या वसाहतीसाठी ‘डोर्सा’ नावाची संस्था काढली. तिचे प्रमुख जेम्स रोझेनबर्ग, आणि शेतीची बाजू जोसेफ रोझेन यांच्याकडं. रोझेन यांनी त्याआधी रशियात, क्रिमिया-युक्रेनकडं, ज्यूंच्या शेतकरी वसाहती उभ्या केलेल्या. जमीन सुमारे 26,000 एकर. युनायटेड फ्रूट कंपनीनं केळीचा मळा करून सोडून दिलेली. केळीवाली कंपनी जी जमीन सोडून जाते ती कशी असणार हे शेतकऱ्याच्या पोराला कळतं.

आणि आले कोण? व्हिएन्ना-बर्लिनकडची शहरी माणसं. दुकानदार, कारकून, शिकलेली पोरं. खुरपं हातात धरलेला विरळाच. वर दमट उष्मा, डास, मलेरिया, आणि भाषा स्पॅनिश. जुन्या फोटोंत जवान पोरं अर्ध्या चड्डीत, डोक्यावर टोपी घालून दुधाच्या कॅनजवळ उभी दिसतात. पुरुषच जास्त, बायका फार कमी. पुढं बऱ्याच जणांनी तिथल्याच मुलींशी लग्नं केली.

पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून एकत्र शेती करायचा बेत होता. भाजीपाला केला, टोमॅटो केले. टोमॅटो आले, पण आसपासच्या लोकांना त्यांची एवढी गरजच नव्हती आणि लांबच्या बाजाराला पोचेपर्यंत माल टिकत नव्हता. एकत्र शेतीही रुचली नाही. मग जमीन कुटुंबांमध्ये वाटली गेली: प्रत्येकाला सुमारे 80 एकर, दहा गायी, एक घोडा, एक खेचर, आणि वर फेडायचं कर्ज. माती गवताला बरी होती. गवत म्हणजे जनावर, जनावर म्हणजे दूध.

इथं माझ्यातली डेअरीवाली जागी होते. उष्ण देशात सकाळचं दूध दुपारी फाटतं. ज्याच्याकडं दहा गायी आहेत त्याच्या घरी कारखाना उभा राहत नाही, आणि पलीकडच्या गावापर्यंत दूध नेलं तर तोवर त्याचं दही. शेती ज्याची त्यानं करायची, पण दूध मात्र एकाच भांड्यात ओतायचं, हा मार्ग त्यांनी काढला. सहकारी डेअरी उभी राहिली, लोणी आणि चीज व्हायला लागलं. दुसऱ्या बाजूला मांसाचा कारखाना, तिथं सलामी आणि सॉसेज. ‘प्रोदुक्तोस सोसुआ’ हे नाव पुढं डॉमिनिकन घराघरांत लोण्या-चीजसाठी पोचलं. व्हिएन्नाची चव तिथल्या ताटात गेली ती अशी, टोमॅटोतून नाही.

आकड्यांत बघितलं तर सोसुआ फसलं असंच कुणीही म्हणेल. लाखाची भाषा होती, व्हिसा निघाले पाच हजारांच्या आसपास, आणि प्रत्यक्ष वसाहतीत आलेले शेकड्यांत. समुद्रात पाणबुड्या, युरोपातनं बाहेर पडायचे रस्ते बंद, आणि अमेरिकेला भीती की निर्वासितांत जर्मन हेर घुसतील. युद्ध संपल्यावर निम्म्याहून जास्त माणसं अमेरिकेला निघून गेली. पण जे राहिले त्यांना धरून ठेवलं ते डेअरीनं. महिन्याला दुधाचं बिल येतं तो माणूस सहजासहजी गाव सोडत नाही. हे मला पुस्तकातनं कळायची गरज नव्हती, आमच्याकडं प्रत्येक गल्लीत दिसतं.

गांधीनगरची गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे, कारण आमचा कारखाना त्याच्या शेजारी आहे. 1943 ते 1948 इथं वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं. बहुतेक कॅथलिक, स्टालिननं सायबेरियाला हाकललेली, इराणमार्गे आलेली. शाळा, चर्च, नाटकं, सगळं होतं. मायेनं राहिले आणि गेले, काही जणी इथं लग्न करून थांबल्या. पण त्यांना कसायला जमीन नव्हती, ते युद्ध संपायची वाट बघत होते. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीत आलेले सिंधी राहिले, आणि त्यांनी कापडाचा बाजार उभा केला. आज अख्खा जिल्हा लग्नाचा बस्ता बांधायला तिथं जातो.

सोसुआ वाचल्यावर आम्ही दोन गोष्टी बदलल्या. दूध विकत घेण्याऐवजी चौदा घरांशी ठरवून घेतलं: वर्षभर एकच दर, उन्हाळ्यातही तोच आणि दूध भरपूर येतं त्या पुष्टकाळातही तोच, आणि वर्षअखेरीस चीजच्या विक्रीतला वाटा. ह्यांनी आधी कपाळाला हात लावला. "संघ नाही, सोसायटी नाही, तू कुठली चेअरमन?" म्हणाले. पण दुधाचा दर्जा महिन्याभरात सुधारला. वाटा मिळणार म्हटल्यावर कुणी पाणी घालत नाही, आणि आजारी गायीचं दूध माणूस स्वतःहून बाजूला ठेवतो.

दुसरी गोष्ट चवीची. युरोपातलं गौडा इथं तसंच्या तसं विकायचा हट्ट आम्ही सोडला. रेनेटनं गोठलेलं दही कापायच्या आधी सुरी घालून तिरकी उचलायची, चीर स्वच्छ पडली आणि निवळी हिरवट आली की कापायला घ्यायचं. तिथपर्यंत सगळं पुस्तकी. पुढं निवळी काढून गरम पाण्यानं धुतलं की त्यात घरची कांदा-लसूण चटणी मिसळतो. मग साचा, दाब, मिठाचं पाणी, आणि 12-13 अंशांच्या खोलीत फळीवर. जुलैत तर ती खोली म्हणजे तान्ह्या पोराची खोली. बाहेर पंचगंगा पात्राबाहेर, हवा भिजलेली, आणि फळ्यांवर रोज काळी बुरशी शोधत हिंडायचं. दिसली की मिठाच्या फडक्यानं पुसायची. चटणीवालं चीज आज आमच्या निम्म्या विक्रीपेक्षा जास्त आहे. पुण्या-मुंबईला जातंच, पण गांधीनगरचे सिंधी व्यापारीही पापडाबरोबर खातात.

आज सोसुआ पर्यटनाचं गाव आहे. मुळच्या वसाहतीच्या भागाला अजून एल बातेय म्हणतात, तिथं लाकडी सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनाघर) आहे, संग्रहालय आहे, आणि डॉक्टर रोझेन यांच्या नावाचा रस्ताही आहे. समुद्राकाठच्या गायरानाला हॉटेलचा भाव आला, मग गाय कोण राखणार? आमच्या चौदांपैकी दोघांची जमीन हायवेलगत आहे. प्लॉटिंगवाले येऊन गेलेत. एकानं अजून ठरवलेलं नाही. दुसऱ्याची सून म्हणते, गोठा राहू दे, पण दुधाचा वाटा तीन महिन्याला द्या, वर्ष लई होतंय. दिवाळीच्या हिशेबाला सगळी चौदा घरं बोलावलीत, ते तिथं ठरवू.