साडेतीन महिन्यांची लस आणि बाकावरच्या आया

आज पिल्लूची 14 आठवड्यांची लस झाली, पेंटाव्हॅलंट (पाच आजारांची एकत्र लस), पीसीव्ही (न्यूमोनियाची), पोलिओचं इंजेक्शन आणि वर पोलिओ आणि रोटाचा (जुलाबाची लस) तोंडातून डोस. अशी किंचाळली की माझेच डोळे भरले. लसीनंतर अर्धा तास तिथेच थांबवतात ना, तेव्हा बाकावर बाकीच्या आयांशी बोलणं झालं आणि खरं सांगू, खूप हलकं वाटलं. सगळ्यांची काळजी एकच, दूध पुरतंय का? एकीला घरातून सारखं सांगतायत उन्हाळाय, पाणी पाज, मध चाटव. सिस्टरनी तिला जवळ बसवून नीट सांगितलं की सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही, आणि दिवसातून सहाएक वेळा शू होतेय, वजन वाढतंय म्हणजे दूध पुरतंय. ती रडायलाच लागली. बाळंतिणीला सल्ले देणारे ढीगभर असतात, तू कशी आहेस विचारणारं कोणी नसतं, याचा मला फार राग येतो.

आता रात्री पिल्लूचं अंग गरम आहे, डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेत तेवढेच पॅरासिटामॉलचे थेंब दिलेत. तुमच्या बाळांना या डोसनंतर ताप किती वेळ राहिला होता? जागीच आहे, सांगा प्लीज.