सांगण्याचा अधिकार

“सर, हे रुग्णाला सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे का?” फार्म. डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) या अभ्यासक्रमाच्या इंटर्नशिपवर असलेल्या एका विद्यार्थिनीने आज वॉर्डात मला हळू आवाजात विचारले.

समोर दम्याच्या आजारावर उपचार घेणाऱ्या एक आजी होत्या. इनहेलर त्या रोज न चुकता घेत होत्या. पण श्वास आत ओढायला सुरुवात करण्याआधीच डबी दाबत असल्यामुळे बरेचसे औषध तोंडातच राहत होते, आणि त्यात स्टेरॉइड असल्यामुळे नंतर चूळ भरायची असते, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. विद्यार्थिनीच्या हे सारे लक्षात आले होते. ती थांबली होती ती केवळ परवानगीसाठी.

फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम भारतात 2008 साली आला. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी तर रुग्णाचे समुपदेशन नोंदणीकृत फार्मासिस्टच्या कामात स्पष्टपणे घातले. तरीही अनेक महाविद्यालयांत औषधांच्या परस्परक्रिया तोंडपाठ करून घेतल्या जातात आणि रुग्णाशेजारी बसून बोलण्याचा सराव मात्र मागे पडतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

“आजी, तुम्ही कसे घेता ते आधी दाखवा,” एवढे म्हणता आले की अर्धे काम होते, कारण केवळ “कळले ना?” असे विचारल्यावर बहुतेक रुग्ण मान डोलावतात.

हा सराव विद्यार्थ्यांकडून पहिल्या वर्षापासूनच, डॉक्टर आणि परिचारिकांच्या सोबतीने, का करून घेऊ नये?