तुम्ही विचारलंत म्हणून : गावच्या मैदानावर मी काय बघते?

कोल्हापूरहून फोन आला की वहिनींचा पहिला प्रश्न जेवणाचा, दुसरा पोराच्या परीक्षेचा आणि तिसरा हा. "मडगावात फातोर्ड्याचं फुटबॉलचं एवढं मोठं स्टेडियम तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर. तिथे जात नाहीस. आणि रविवारी उन्हातान्हात स्कूटर काढून कुठल्या तरी खेड्यातल्या पोरांची मॅच गाठतेस. बघण्यासारखं असतं काय त्यात?" ऑफिसातले जरा आडून विचारतात. "मुलगा खेळतो का तुमचा तिथे?" मुलगा बुद्धिबळ खेळतो. मॅचला चल म्हटलं की त्याचं पोट दुखतं.

तर सगळ्यांना एकदाच सांगून टाकते. बघण्यासारखं फारसं काही नसतं. मी ऐकायला जाते.

हे खूळ मंगळवार पेठेतलं आहे. माझं माहेर तिथलं, शाहू स्टेडियमच्या अगदी जवळ. कोल्हापुरात कुस्तीच्या तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ असतात, पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, आणि बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटतं. आम्हाला त्यात काही वेगळं आहे हेच कळायचं नाही. पेठेतली माणसं ज्या तालमीची, त्याच तालमीचा संघ त्यांचा. घरातले झाडून सगळे पुरुष मॅचला जात. आम्ही मुली जात नसू. कुणी बंदी घातली होती असं नाही, पण जात नसू. मग आम्ही माडीवर गहू निवडत बसायचो आणि स्टेडियम ऐकायचो.

ऐकून बरंच कळतं. गोल झाला की आवाज एकदम, तळापासून वर येतो आणि खाली यायचं नावच घेत नाही. गोल हुकला तर आवाज तसाच चढतो, पण वर जाऊन मोडतो. आजी गव्हातून मान न काढता म्हणायची, "गेला वरनं." संध्याकाळी भाऊ घरी आला की विचारायचं, अमुक वेळेला वरनं गेला का रे? आजी सहसा चुकत नसे. तिने जन्मात एकही मॅच पाहिली नव्हती.

लग्न होऊन मडगावला आले तेव्हा वाटलं, चला, आता बघू. गोव्यात फुटबॉल घराघरांत आहे. 1883 मध्ये फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या पाद्र्याने हा खेळ इथे आणला असं सांगतात, आणि तेव्हापासून तो चर्चच्या शाळांतून वाड्यावाड्यांत गेला. 2014 मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरू झाली तशी एफसी गोवाची मॅच बघायला मीही फातोर्ड्याला गेले. झकास दिसत होतं. पण ढोल, लाउडस्पीकर, मधूनच गाणं, आणि 'आवाज कुणाचा' हे माइकवरून शिकवणारा एक माणूस. दोन्ही कानांवर हात ठेवून मी नव्वद मिनिटं काढली. ते वाईट आहे असं म्हणत नाही. माझ्या कामाचं नाही, एवढंच.

त्या स्टेडियममधली मला मनापासून आवडलेली मॅच मी घरीच टीव्हीवर पाहिली. एप्रिल 2021. एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या गटात खेळणारा एफसी गोवा हा पहिला भारतीय क्लब, समोर कतारचा अल रय्यान, त्यांचा प्रशिक्षक फ्रान्सचा लॉराँ ब्लां. करोनामुळे गॅलऱ्या रिकाम्या. मॅच 0-0 सुटली. घरातले कंटाळून उठून गेले आणि मी पुढे सरकून बसले, कारण खेळाडू एकमेकांना काय ओरडतात ते स्वच्छ ऐकू येत होतं. मला हेच हवं होतं, हे त्या दिवशी लक्षात आलं. पुढे मैदानं उघडल्यावर शेजारच्या पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, सांगितलं, आमच्या गावात रविवारी लीगची मॅच आहे, येऊन बघा. तेव्हापासून हे चालू आहे.

गाव सासष्टीतलं, म्हणजे मडगावच्याच तालुक्यातलं. नाव सांगत नाही, कारण त्यांच्या कीपरबद्दल पुढे थोडं बरं-वाईट लिहिणार आहे आणि मला तिथे परत जायचं आहे.

मैदानाच्या एका बाजूला चिऱ्यांचा गडगा, त्यापलीकडे कपेल, म्हणजे छोटं चर्च. दुसऱ्या बाजूला वायंगणाचं, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताचं, हिरवंगार शेत. मधे तांबडी माती, गवत असलंच तर कोपऱ्यांत, कारण कोपऱ्यांत कुणी फारसं खेळत नाही. फक्कीच्या रेषा बहुधा घाईत मारलेल्या, पेनल्टी बॉक्सची एक रेघ हमखास जराशी वाकडी. मैदान अरुंद आहे, पण बेकायदा नाही. नियमांत लांबी 90 ते 120 मीटर आणि रुंदी 45 ते 90 मीटर चालते, म्हणजे गावाला जेवढी जागा मिळेल तेवढीत भागवायची सोय नियमांनीच करून ठेवली आहे. गोलला मात्र सवलत नाही. जगात कुठेही जा, 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच. आमच्या गावचा कीपर साडेपाच फुटांच्या आतला आहे. त्या चौकटीत तो उभा राहिला की मोठ्या दारात लहान मूल कुणाची तरी वाट बघत उभं आहे असं वाटतं. पण आवाज! भारताकडून खेळलेले कीपर, ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर, यांची परंपरा सांगणाऱ्या या मुलखात कीपरला मान असतो, आणि याने तो अर्धा तरी घशावर मिळवला आहे.

मॅच चारच्या आसपास सुरू होते. मी साडेतीनलाच पोचते, कारण त्याआधी एक गोष्ट घडते ती मला चुकवायची नसते. रेफरी खेळाडूंना रांगेत उभं करून बुटांचे खिळे तपासतात, मग गळे आणि हात. दागिना घालून खेळता येत नाही, वरून चिकटपट्टी लावूनही नाही. मग पोरं एकेक करून गडग्याकडे येतात. तिथे एक म्हातारी बसलेली असते, फुलाफुलांचा झगा, पायांत रबरी चपला. कुणाच्या गळ्यातला खुरीस (क्रूस), कुणाची आंगठी, शिरोड्याकडून खेळायला येणाऱ्या पोराची गणपतीचं पदक असलेली चेन, सगळं तिच्या हातात जमा होतं. पिशवी नाही, रुमाल नाही. मूठ. पूर्ण मॅचभर ती मूठ उघडत नाही. चणे खायचे तर डाव्या हाताने. एकदा मी म्हटलं, माझ्या पर्समध्ये ठेवा. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा कधी विचारलं नाही.

मग शिट्टी. दीडदोनशे माणसं, निम्मी स्कूटरवर बसलेली. रेषेपासून मी चार पावलांवर. टीव्हीवर फुटबॉल म्हणजे पळणं वाटतं, इथे कळतं की ते अखंड बोलणं आहे. ज्याच्या पायात बॉल आहे त्याला मागचं दिसत नाही, म्हणून बाकीचे दहा जण त्याचे डोळे होतात. "फाटल्यान आसा!" म्हणजे मागे आहे. "टाइम आसा, टाइम आसा," म्हणजे घाई नको, वळ. "सोड!" याचे दोन अर्थ, बॉल पुढे दे, किंवा हात लावू नको, मी आलोय. कुठला ते नुसत्या सुरावरून ओळखायचं. चांगला संघ आणि बरा संघ यांतला फरक मी आता डोळे मिटून सांगू शकते. बरा संघ गोल खाल्ल्यावर ओरडतो. चांगला संघ त्याच्या तीन सेकंद आधी.

बॉल शेतात गेला की सगळं थांबतं. एक पोरगा काठी घेऊन बांधावरून जातो, कुणीतरी दुसरा बॉल आत टाकतं, आणि तेवढ्या वेळात प्रेक्षक रेफरीशी गप्पा मारून घेतात. गप्पा म्हणजे शिव्याच, पण नात्याच्या. "तुझ्या पप्पाला मी ओळखतो" हे इथे धमकी म्हणूनही म्हणतात आणि सलाम म्हणूनही.

आता फेब्रुवारीतल्या त्या रविवारबद्दल. 1-1, शेवटची दहा मिनिटं. पाहुण्यांचा बचावपटू आपल्या गोलकडे तोंड करून बॉलमागे धावतोय आणि आमचा स्ट्रायकर, बारकासा, डोक्याला पट्टी बांधणारा, त्याच्या पाठीला चिकटून. तेवढ्यात आवाज आला, "सोड, सोड!" भरदार, पोटातून. बचावपटूला वाटलं आपला कीपर आला. त्याने बॉल सोडला. आमच्या पोराने तो घेतला आणि रिकाम्या गोलात ढकलला. मैदान उसळलं. चणेवाल्याची टोपली कलंडली.

आणि रेफरींनी शिट्टी मारून गोल नाकारला. पिवळं कार्ड आमच्या स्ट्रायकरला, आणि हात सरळ वर, म्हणजे पाहुण्यांना इनडायरेक्ट फ्री किक. कारण तो आवाज त्यांच्या कीपरचा नव्हताच. आमच्या पोराने काढला होता. बोलून प्रतिस्पर्ध्याला फसवणं हा गुन्हा आहे, सगळीकडे, फातोर्ड्यालाही. पण तिथे तो कुणाला ऐकू आला असता की नाही, मला शंका आहे.

पलीकडच्या, शेताच्या बाजूच्या लोकांना काहीच कळलं नाही. त्यांनी ना 'सोड' ऐकलं होतं, ना काही. त्यांच्या डोळ्यांदेखत स्वच्छ गोल झाला होता आणि तो रेफरीने खाल्ला होता. ते बांधावरून धावत आले. या बाजूचे लोक मात्र अचानक गडगा न्याहाळू लागले. ऐकलं होतं सगळ्यांनी. बोलायला कुणी तयार नाही, कारण गाव आपलं. मग एका काकांनी माझ्याकडे बोट केलं. "ती बाय भायली. तिका विचार."

म्हणजे ती बाई बाहेरची, तिला विचार.

चाळीसेक माणसं माझ्याकडे वळली. ऑफिसात मी हिशेब तपासते, खोटा ताळेबंद पास करायचा मला सराव नाही. पण खरं सांगायचं तर क्षणभर तोंडात आलं होतं की मी फोनवर होते. त्या स्ट्रायकरची आई माझ्यापासून दोन स्कूटरी सोडून उभी होती. मी म्हटलं, "आयकलां. ताणेंच म्हळें." ऐकलं, त्यानेच म्हटलं. माझी कोंकणी अजून कच्ची आहे, पण एवढी पुरली.

कुणी काही बोललं नाही. म्हातारीने मात्र मूठ न उघडता मान हलवली, हो म्हणून की कपाळ म्हणून, ते मला कळलं नाही. मॅच 1-1 सुटली. अंधारू लागलं होतं, पोदेर सायकलचा भोंपू वाजवत गडग्याशी आला, पोरं आपापल्या चेना घ्यायला रांगेत उभी राहिली. स्ट्रायकर शेवटी. खुरीस गळ्यात घालताना तो माझ्याकडे बघून हसला, आणि कीपरच्या भरदार आवाजात हळूच म्हणाला, "सोड." हुबेहूब होतं, काय सांगू.

पुढच्या रविवारी जावं की नाही या विचारात सव्वातीन वाजवले. मग गेले. स्कूटर लावत होते तोवर बांधावरून कुणीतरी मैदानाकडे ओरडलं, "उलोव नाकात रे, बाय आयल्या!"

बोलू नका रे, बाई आली. आणि आमचा साडेपाच फुटांच्या आतला कीपर गोलमधून सगळ्यात मोठ्याने हसला.