प्रोस्टेटचं ऑपरेशन ठरलं होतं, ते एका चुकीच्या कागदावर

९२ मिली. माझ्या युरोफ्लोच्या, म्हणजे लघवीच्या धारेच्या तपासणीच्या, रिपोर्टवर हा आकडा स्पष्ट छापलेला होता. दवाखान्यात तो कुणीच वाचला नाही, आणि त्याच कागदावर मला ऑपरेशनची तारीख मिळाली. वर्ष होत आलं, तरी तो राग गेलेला नाही.

वय ६४, पारोळा तालुक्यात कपाशीची शेती. विजेची पाळी रात्रीची असली की मोटार चालू करायला उठावंच लागतं, त्यामुळे लघवीसाठी चार-चारदा उठतोय हे बरेच दिवस ध्यानातच आलं नाही. कपाशी उपटली, शेत मोकळं झालं, मोटार बंद, तरी झोपमोड तीच. तेव्हा जळगाव गाठलं. सोनोग्राफी, रक्ताची पीएसए तपासणी (प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका आहे का ते बघणारी), सगळं एका दिवसात झालं. प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढून ५२ ग्रॅम, लघवीनंतर ६० मिली आत उरते, पीएसए ठीक. राहिली ती धारेची तपासणी.

ह्या तपासणीत यंत्राला जोडलेल्या भांड्यात लघवी करायची, धार किती जोरात येते त्याचा आलेख निघतो. एवढंच. पण लघवी भरून यावी लागते, हे मला कुणी सांगितलं नाही. एसटीतून उतरल्यावर मी स्टँडवरच जाऊन आलो होतो. टेक्निशियन म्हणाला, "जेवढी होईल तेवढी करा." झाली ९२ मिली, धार सेकंदाला ६ मिली. डॉक्टरांनी ६ वर बोट ठेवलं, "दहाच्या आत आहे, दुर्बिणीतून ऑपरेशन करून टाकू." मी मान डोलावली. कापसाचे पैसे बाजूला काढले.

भाच्याचं मेडिकल आहे. त्याला फोनवर रिपोर्ट पाठवला तर तो म्हणाला, "मामा, दीडशेच्या आत लघवी झाली असेल तर त्या धारेवर भरवसा ठेवत नाहीत. पुन्हा करा." मूत्राशय पुरेसं भरलं नाही तर धार आपोआपच कमी दिसते.

पुन्हा गेलो. आता दोन बाटल्या पाणी पिऊन. साडेअकराला जोर आला, तर यंत्राच्या खोलीला कुलूप, टेक्निशियन जेवायला. दीड तास बाकावर पाय आवळून बसलो. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी दोनदा विचारलं, "काय व्हयनं भाऊ?" सांगणार काय? नंबर आला तेव्हा पोट दगडासारखं झालं होतं, आणि भांड्यासमोर उभा राहिलो तर थेंब थेंब. मूत्राशय फार ताणलं गेलं तरी धार कमी येते. मागे दार वाजवणारा पुढचा पेशंट. तो कागद मी घेतलाच नाही. काउंटरवर आवाज चढवला, त्याचा मला पश्चात्ताप नाही.

तिसऱ्यांदा आधीच अट घातली: मी बाहेर बसतो, नेहमीसारखी लघवीची भावना झाली की लगेच आत सोडायचं. तपासणी पाच मिनिटांत झाली. २३० मिली, धार ११.

तोच कागद दुसऱ्या युरोलॉजिस्टना दाखवला. त्यांनी आधी सात प्रश्नांचा तक्ता भरून घेतला, ३५ पैकी माझे २० आले; आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त. मग म्हणाले, मूत्रपिंडावर सूज नाही, मूतखडा नाही, लघवीतून रक्त नाही, लघवी कधी तुंबली नाही, मग घाई कशाला? माझ्या साडूंचं वेगळं होतं. त्यांची लघवी तुंबली, नळी काढली की पुन्हा तुंबायची, त्यांना ऑपरेशनशिवाय मार्ग नव्हता, आणि ते आता छान आहेत. म्हणून ऑपरेशनला कुणी भिऊ नये. मला टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड एकत्र सुरू झालं. पहिल्याने धार आठवड्याभरात मोकळी होते, दुसऱ्याने प्रोस्टेटची ग्रंथी आकसते, पण त्याला सहा महिने द्यावे लागतात. तिसऱ्या महिन्यात "काही फरक नाही" म्हणून मी बंदच करणार होतो, बायकोने बंद करू दिलं नाही. वीर्य कमी येतं किंवा येतच नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं म्हणून घाबरलो नाही. ज्यांना अजून मूल हवं आहे त्यांनी हे आधी विचारावं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन असेल तर टॅमसुलोसिन चालू आहे हे डोळ्यांच्या डॉक्टरांना नक्की सांगा, ह्या गोळीने बुबुळ सैल पडतं. ड्युटास्टेराइडने पीएसए साधारण निम्मा दिसतो, तेही पुढच्या तपासणीला सांगायचं. आणि सर्दीची गोळी मनाने घेऊ नका, तिने लघवी तुंबू शकते. रात्री उठताना आधी खाटेवर मिनिटभर बसा. मला एकदा अंधारी आली होती.

गेल्या महिन्यात तक्ता पुन्हा भरला, ११ आले. रात्री एकदाच उठतो, तेही पहाटे. ह्या आठवड्यात विजेची पाळी रात्री दोनची आहे, मोटारीसाठी गजर लावून झोपतोय.