कापसाच्या गाडीवर सापडलेला देव

जिनिंगच्या फाटकाबाहेर आमच्या पुढे एकतीस गाड्या होत्या. मोजल्या, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. ट्रॉलीतल्या कापसावर आडवं झालं की खालून ऊब येते, वरून डिसेंबरचं ऊन, आणि नाकात सरकीचा तो वास. अशा वेळी माणूस एकतर झोपतो, नाहीतर मोबाईल काढतो. मी मोबाईल काढला, आणि अडीचच्या सुमारास मला एक देव सापडला.

देव ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’मधला. गेम नावासारखाच जुनाट. २००७ च्या ऑगस्टमधला एक बॅकअप कंपनीकडे पडून होता, त्यावरून २०१३ मध्ये तो पुन्हा उभा केला, आणि २०१८ पासून मोबाईलवर चालतो. चित्रं चौकोनी, गाई ठोकळ्यांच्या. आमच्या वावरातल्या रेंजला आणि माझ्या फोनला एवढंच झेपतं.

पुतण्याच्या हिशेबी मी गेम खेळतच नाही. “काका, तुमी खेळून रायले का पेपर वाचून रायले?” लोक ड्रॅगन मारतात, मी कपाटं उघडतो. कुठंही शिरलो की आधी पुस्तकांच्या फळीवर बोट. बहुतेकदा हाती काही लागत नाही, पण खोड जुनी आहे. फुटाणे संपले की पुड्याचा कागद उलगडायचा. खताच्या पोत्यावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय पोतं फोडायचं नाही. लग्नपत्रिकेत छापखान्याचं नाव वाचणारा माणूस तिनं दुसरा पाहिला नाही, असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

तर त्या गेममध्ये व्हॅरॉक नावाचं शहर आहे आणि त्याच्या पूर्वेला खोदकाम चालू असतं. आपल्याला तिथं काम हवं तर आधी परीक्षा द्यायची. विद्यार्थ्यांच्या हरवलेल्या वस्तू शोधून द्यायच्या, कुणाचं खेळण्यातलं अस्वल, कुणाचा कप, आणि बदल्यात ते उत्तरं सांगतात. म्हणजे सरळसरळ कॉपी. हा भाग मला फार आपलासा वाटला. पुढे दोराला लटकून खाली उतरायचं, विटांची भिंत उडवायची, आणि पलीकडे अंधारात एक वेदी. तिथल्या दगडी पाटीवर लिहिलेलं की माणसा, थरथर काप, ही आमच्या भयंकर स्वामीची, झारॉसची वेदी आहे.

वरच्या तज्ज्ञाला त्याचा पत्ताच नसतो. या झारॉसचं मोठं साम्राज्य होतं, सेन्टिस्टेन ही त्याची राजधानी याच मातीखाली गाडलेली. त्याच्याच सेनापतीनं, झामोरॅकनं, त्याला भोसकलं. मग पुढच्या देवांच्या भक्तांनी त्याच्या खुणा इतक्या पुसल्या की त्याला ‘रिकामा स्वामी’ असंही म्हणतात. भोसकणारा झामोरॅक मात्र देव म्हणून राजरोस पुजला जातो!

मी कापसात उठून बसलो. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. शेजारचा ट्रॅक्टरवाला बिडी ओढत होता.

“देव सापडला जी. नाव पुसलेला.”

“कुठी?”

“गेममंदी.”

“मंग त्याचे किती भेटते?”

काहीच भेटत नाही म्हटल्यावर त्यानं तोंड फिरवलं. बरोबरच होतं त्याचं. आत ग्रेडरनं त्याचा कापूस ओला ठरवला होता.

पुन्हा आडवा झालो, आणि आठवलं ते वेगळंच. आमचं गाव नागपूर जिल्ह्यातलं, काटोलकडचं. वावराच्या वरच्या अंगाला, मुरमाड भागात, मोठाल्या काळ्या दगडांचं एक रिंगण होतं. आत पऱ्हाटी नीट येत नसे. आजी म्हणायची, गवळ्यायचा राजा होता, त्याच्या म्हशी बसाच्या तिथं. कोणता राजा? “राजाच. राजाले काय नाव रायते?” तिच्या लेखी विषय संपला. एका दगडावर ओळीनं खळगे होते, वाटीएवढे. आम्ही पोरं त्यात चिंचोके ठेवायचो, पाणी भरून चिमण्यांची वाट पाहायचो. चिमण्या कधी आल्या नाहीत. कुत्रा यायचा.

मग बाबांनी विहीर काढली आणि ते दगड बंडीवर घालून एकेक करून नेले. चढावर बंडी थांबली की चाकाखाली उटकण लावायचं काम माझ्याकडे होतं. मोठ्या जबाबदारीचं काम. चार दिवस मी त्याच तोऱ्यात होतो.

काटोल रोडवरच्या जुनापाणीला अशी तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत, हे मला कळलं कॉलेजात. लोहयुगातल्या माणसांची दफनं. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज साहेबानं १८७९ मध्ये त्यांच्यावर लिहून ठेवलंय, आणि तिथल्या दगडांवरही खळगे आहेत. माहूरझरीला तर माणसांबरोबर घोडे पुरलेले सापडले. आमच्या रिंगणाखाली कोण होतं, देव जाणे. मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, दगड लय चांगले निघाले, विहीर अजून ढासळली नाही.

आमचा नंबर लागला साडेसहाला. भाव पडून मिळाला तो मिळालाच.

रात्री लाईन साडेबाराची होती. मोटर चालू करायला गेलो, पाय धुतले, आणि टॉर्च त्या दगडावर मारला. विहिरीच्या काठावर तो आडवा बसवलाय, आम्ही त्यावर टाचा घासतो. एका खळग्यात मोटरचं जुनं ऑइल, दुसऱ्यात साबणाचा तुकडा. मोजले. लहानपणी नऊ होते अशी माझी आठवण आहे, आता सहाच दिसले. तीन सिमेंटखाली गेले असतील, किंवा चिंचोके ठेवताना मीच मोजण्यात चुकलो असेन.