चौघांत एक विमान

आमच्या बेळगावात चार जणांनी मिळून जमीन घेतली, पोल्ट्री काढली, फाउंड्री चालवली तर कुणाला नवल वाटत नाही. विमान म्हटलं की मात्र समोरचा आधी हसतो आणि मग किंमत विचारतो. म्हणून किमतीपासूनच सुरू करतो. नवं सेसना १७२, म्हणजे चार सीटचं, एका इंजिनाचं छोटं विमान, आज चार लाख डॉलरच्या पुढं जातं. त्यात वैयक्तिक वापराच्या विमानावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. त्याआधी २८ टक्के आणि वर ३ टक्के उपकर होता. हा हिशोब कागदावर मांडला आणि नव्या विमानाचा विषय चहा संपायच्या आत संपला. आमचे फाउंड्रीवाले मामा म्हणाले, "जुनंच बघूया की. लेथ काय नवा घेतला होतास तू?"

माझं उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या सुट्या भागांचं वर्कशॉप आहे, आणि लेथ खरंच जुना आहे. मामा नात्यानं मामा नव्हेत, सगळी उद्यमबाग त्यांना मामाच म्हणते. तिसरे निपाणीचे डॉक्टर. चौथा माझा खानापूरचा मावसभाऊ, कमर्शियल पायलटचं लायसन्स घेऊन एअरलाइनच्या नोकरीची वाट बघत बसलेला. त्याच्या वाट्याचे पैसे काकांचे. मी आणि डॉक्टर हौसेनं पीपीएल, म्हणजे खासगी पायलटचं लायसन्स केलेले. मामांना विमान चालवायचं नव्हतं, शेजारी बसायचं होतं.

प्रत्येकाच्या मनात वेगळं विमान होतं. डॉक्टरांना बेंगळुरू-पुणे करायचं होतं, भावाला स्वस्तात उड्डाणाचे तास भरायचे होते, मामांना गोव्याचा किनारा वरून बघायचा होता. मी वही काढली आणि विचारलं, गेल्या सहा महिन्यांत विमान दारात असतं तर नेमकं कुठं गेला असता, सांगा. बेंगळुरूला सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, एअरलाइनचं विमान जातंच. पुण्याचा विमानतळ हवाई दलाचा, तिथं छोट्या विमानाला वेळ मिळवणं म्हणजे डोक्याला ताप. कोल्हापूर सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत, सेसनाला अर्धा तास. पण फ्लाइट प्लॅन, हवाई संरक्षणाच्या परवानगीचा एडीसी नंबर, उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी नंबर, गेटवरची तपासणी, इंधन-ऑइल बघणं, हे सगळं धरलं तर हायवेनं निघालेला माणूस आधी पोचून मिसळ खात बसलेला असतो. म्हणजे विमान घ्यायचं ते हौसेसाठी. हे एकदा तोंडानं बोलून टाकलं ते बरं झालं. कामाचं कारण देत राहिलो असतो तर सहा सीटच्या, दोन इंजिनांच्या काहीतरी प्रकरणात अडकलो असतो.

मग वजनाचा विषय. १७२ च्याच १७२एस या नमुन्याला चार सीट असतात, पण त्या चार सीटवर फार विसंबू नये. त्याचं कमाल वजन ११५७ किलो. त्यातून रिकाम्या विमानाचं वजन वजा केलं की चारशेच्या आसपास उरतात. दोन्ही टाक्या भरल्या की त्यातले दीडशेच्या जवळपास इंधनात जातात. राहिले अडीचशे. आम्ही चौघं मामांच्या फाउंड्रीतल्या भंगार तोलायच्या काट्यावर एकत्र चढलो. काटा साडेतीनशेच्या पुढं गेला तेव्हा डॉक्टरांनी मामांकडं बघितलं. "कुंदा कमी करा आता." कुंदा म्हणजे आमच्या बेळगावची खव्याची मिठाई. मामा म्हणाले, "तुम्ही उतरा, मग बघा काटा." तिथंच ठरलं की चौघं एकदम कधी उडणार नाही. दोघं, फार तर तिघं.

सांबऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. ब्रिटिशांच्या हवाई दलानं १९४२ मध्ये बांधलेला हा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फुटांवर आहे. एवढ्या उंचीला प्रमाण तापमान धरतात १० अंश. त्याहून गरम हवा विरळ होते. एप्रिलच्या दुपारी पारा ३८ वर गेला की फरक झाला २८ अंशांचा, आणि दर अंशाला १२० फूट या ठोकताळ्यानं इंजिनाला आपण ५९०० फुटांवर उभे आहोत असं वाटतं. टर्बो, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारी यंत्रणा, नसलेलं इंजिन हजार फुटांना तीनेक टक्के ताकद घालवतं. म्हणजे १८० हॉर्सपॉवर विकत घ्यायची आणि वापरायला दीडशेच्या आसपास मिळायची. धावपट्टी २३०० मीटरची आहे, जमीन सोडायला अडचण नाही. पण पश्चिमेला तोंड करून घाटाकडं निघालात तर चढायला किती वेळ लागतो ते महत्त्वाचं.

आणि पाऊस. जूनपासून ढग खाली येतात. आमच्यासारख्यांना डोळ्यांनी बघून, दिवसाउजेडीच उडायची परवानगी. म्हणजे पावसाळ्यात विमान बहुतेक वेळ हँगरमध्येच. एखादा म्हणेल, बरंच की, खर्च वाचला. पण सेसनातल्या लायकमिंग कंपनीच्या इंजिनांत कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो. इंजिन बंद राहिलं की त्याच्यावरचं ऑइल निथळून खाली येतं आणि दमट हवेत त्याला गंज धरतो. हे ऐकून मामा एकदम सावध झाले. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या कास्टिंगचं काय होतं ते त्यांना कुणी सांगायला नको.

आम्ही बाहेरच्या राज्यात एक जुनं १७२ बघायला गेलो. एका प्रशिक्षण संस्थेचं, दलालामार्फत आलेलं. रंग नवा, सीट नव्या, आतून परफ्यूमचा वास. दलाल मीटरवरचे तास दाखवत होता. आमच्याबरोबर हवाई दलातून निवृत्त झालेले एक तंत्रज्ञ होते, वयानं मोठे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अण्णांनी वरचं काही बघितलंच नाही. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण उतरवायला लावलं, जमिनीवर आडवे झाले आणि टॉर्च घेऊन पुढच्या चाकाच्या मागची फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत, खालून बघायला लागले. मग मला बोलावलं. पत्रा सपाट हवा. तिथं दोन बारीक सुरकुत्या होत्या, बोट फिरवलं की लागत होत्या, आणि त्यांच्या कडेचे रिव्हेट बाकीच्यांपेक्षा नवे होते. शिकाऊ पोरांनी विमान पुढच्या चाकावर आपटलं की असं होतं. लॉगबुकात त्या दुरुस्तीची ओळ नव्हती. शिवाय एका वर्षी जून ते ऑक्टोबर एकही उड्डाण नोंदलेलं नव्हतं. सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं तर "उद्या बघू" असं उत्तर आलं. अण्णा उठले, हात पुसले आणि दलालाला म्हणाले, "चहा चांगला होता." परत येताना गाडीत दुसरा कुठला विषय निघाला नाही.

त्याच रात्री ओव्हरहॉलच्या, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्यासारखं करण्याच्या, पैशांचा हिशोब नीट बसला. या इंजिनाचं ओव्हरहॉल २००० तासांनी, असं सगळे सांगतात आणि खर्चाला २००० नं भागून तासाचा फंड काढतात. पण लायकमिंग कंपनी १२ वर्षांचीही मुदत सांगते. आम्ही वर्षाला फार तर शंभर तास उडणार. बारा वर्षांत १२०० तास. म्हणून भागायचं १२०० नं, नाहीतर बाराव्या वर्षी चौघं एकमेकांची तोंडं बघत बसणार. जुनं विमान घेताना शेवटच्या ओव्हरहॉलपासून तास किती झाले याच्याइतकंच वर्षं किती झाली हेही विचारा.

मग डायमंड डीए-४० एनजी या दुसऱ्या छोट्या विमानाचं नाव भावानं काढलं. तो त्याच्यावरच शिकला होता. त्याचं ऑस्ट्रो इंजिन मर्सिडीजच्या डिझेल इंजिनावरून बेतलेलं, १६८ हॉर्सपॉवरचं. त्याला टर्बो आहे, म्हणून सांबऱ्याच्या उन्हात ते हजार-हजार फुटांना ताकद सोडत बसत नाही. ते जेट ए-१ या इंधनावर चालतं, जे एअरलाइनच्या विमानांना लागतंच. सेसनाचं ॲव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, इंडियन ऑइल २०२२ पासून वडोदऱ्याजवळच्या रिफायनरीत बनवतं खरं, पण प्रत्येक विमानतळावर ते मिळेल असं धरून चालता येत नाही. सेसना तासाला तीस-पस्तीस लिटर पितं, हे वीस-बावीस. मामांचा आक्षेप होता की ढाच्यात धातूच नाही, सगळं फायबर. "ठोकून बघायचं तरी काय?" माझा आक्षेप दुसरा होता. इंजिनाला गिअरबॉक्स आणि पुष्कळ इलेक्ट्रॉनिक्स, सुटे भाग परदेशातून यायचे, आणि लायकमिंग उघडणारा मिस्त्री मिळतो तसा हे उघडणारा पटकन मिळत नाही. पण देशातल्या बऱ्याच प्रशिक्षण संस्था डीए-४० वापरतात, म्हणजे देखभाल करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्था आहेत. विमा कंपनीनंही त्याच प्रकारच्या विमानावरचे पायलटचे तास विचारले, आणि ते भावाकडं भरपूर होते. माझा कौल डायमंडला गेला. देशातलंच, एकाच मालकाच्या हातचं एक मिळालं. या वेळी अण्णांनी चहासुद्धा घेतला नाही, थेट काउलिंगला हात घातला, आणि संध्याकाळी "घ्या" म्हणाले.

करार करायला विमान शोधण्याहून जास्त वेळ लागला. सीएंच्या सल्ल्यानं प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली, चौघांचे समान शेअर. हँगर, विमा, विमान उडण्यालायक असल्याचं दरवर्षीचं एअरवर्दीनेस रिव्ह्यू सर्टिफिकेट हा खर्च चौघांत सारखा, उडा किंवा उडू नका. इंधन आणि ओव्हरहॉलचा फंड जो उडेल त्याचा. खासगी नोंदणीच्या विमानात भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत, म्हणून मामा बसले की तासाचा खर्च मामांचा, पायलटला एक रुपया नाही, एवढं स्वच्छ लिहून घेतलं. खरी रस्सीखेच झाली ती काकांच्या अटीवर: पोराला नोकरी लागली की पैसे लगेच परत. लगेच म्हणजे कुठून? शेवटी ठरलं की सहा महिन्यांची नोटीस, किंमत त्या दिवशीच्या इंजिनाच्या उरलेल्या आयुष्यावरून, आणि पहिला हक्क उरलेल्या तिघांचा. काकांनी सही केली, पण पेन दोनदा खाली ठेवून.

नोंदणीच्या वेळी एक गंमत झाली. इथं गाडीच्या नंबरातल्या बेळगावच्या केए-२२ आणि कोल्हापूरच्या एमएच-०९ वरून टोलनाक्यापासून लग्नाच्या मांडवापर्यंत माणसं ओळखली जातात. विमानावर व्हीटी आणि पुढं तीन अक्षरं, अख्ख्या देशाला एकच. डॉक्टर म्हणाले, "चला, इथं तरी वाद नाही."

वाद झाला तो रंगाचा. मामांना शेपटीपासून पंखांपर्यंत भगवं हवं होतं. फायबरचा ढाचा उन्हात जास्त तापू नये म्हणून कंपनी उन्हात येणारा भाग पांढराच ठेवायला सांगते. पट्टे नि अक्षरं तेवढी रंगवता येतात. मामांनी ते कंपनीच्या पुस्तकात स्वतः वाचलं, मग भगवा पट्टा किती रुंद चालेल ते विचारायला अण्णांना फोन लावला.